दाराआडचं इंग्रजी

दारवाल्यांना रस्त्यात कुणी त्यांच्या खऱ्या नावाने हाक मारली, तर ते मागे वळूनही बघणार नाहीत. त्यांचंही तसंच. माणसांची नावं त्यांच्या लक्षात राहत नाहीत, दारं राहतात. समोरून कुणी हसत आलं की ते क्षणभर डोळे बारीक करून बघतात आणि म्हणतात, "तुम्ही म्हणजे ते डाव्या अंगाला उघडणारं, पितळी मुठीचं ना?" समोरचा माणूस मान डोलावतो. आजूबाजूच्या गल्ल्यांमधली निम्मीअधिक दारं त्यांच्या हातची आहेत. दार कसं असावं, यावर त्यांचं ठाम मत आहे. ते बंद होताना जेवढा आवाज करतं, तेवढी सुताराची चूक.

मात्र त्यांच्या स्वतःच्या घरात दिव्याखाली अंधार होता. पुढचं दार तेवढं झकास, कारण ती दुकानाची पाटी. आत शिरलं की स्वयंपाकघराच्या दाराला स्टुलाचा टेकू, आणि बाथरूमचं दार वरच्या बिजागरीतून सैल होऊन खाली झुकलेलं. "करू सावकाश," असं ते बायको असताना म्हणायचे. पुढे बायको गेली, मुलगी लग्न करून दूरच्या शहरात गेली, आणि घरात ते एकटे उरले. एकट्या माणसाने कडी कुणासाठी घालायची? दार नुसतं लोटलं की काम भागायचं. त्यामुळे दुरुस्ती राहून गेली ती गेलीच.

मुलीने ज्याच्याशी लग्न केलं, तो पियानो जुळवणारा. म्हणजे लोकांच्या घरी जाऊन पियानोच्या तारा ताणून सूर नीट करून देणारा. माणूस सरळ, हसरा, पण त्याला इंग्रजीशिवाय दुसरी भाषा येत नव्हती. आणि दारवाल्यांचं इंग्रजी 'थँक्यू'पाशी सुरू होऊन तिथेच संपायचं.

लग्न तिकडेच झालं. जेवायला बसल्यावर मुलगी दोघांच्या मधे बसली आणि दोन्हीकडचं इकडून तिकडे पोचवत राहिली. दारवाल्यांनी ते जेवणाचं टेबल वाकून, खालून हात फिरवून पाहिलं होतं. पायांचे सांधे एकही खिळा न मारता बसवलेले. त्यांना अगदी भरून आलं. त्याबद्दल ते मनापासून, ऐसपैस बोलले. मुलगी घोटभर पाणी प्यायली आणि तिने नवऱ्याला ते सगळं एका छोट्या वाक्यात सांगितलं. दारवाल्यांना त्यातले 'टेबल' आणि 'गुड' हे दोनच शब्द कळले.

"एवढंच?" ते म्हणाले.

"बाबा, मी दमले हो," ती म्हणाली. तिच्या ताटातलं सगळं गार होऊन गेलं होतं.

स्टेशनवर पोचवायला आली, तेव्हा तिने मनातलं बोलून दाखवलं. "मला चार दिवस तुमची मुलगी व्हायला वेळच मिळाला नाही, बाबा. त्याची बायकोही नाही झाले. मी नुसती तुमच्या दोघांमधली तार झाले. जन्मभर हेच करायचं का मी?"

दारवाल्यांनी तिच्या डोक्यावर हात ठेवला. "पुढच्या वेळी तू मधे बसायचं नाहीस. माझा शब्द."

शब्द देऊन बसले खरे, पण आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार? घरी परतल्यावर त्यांनी शेजारचं दार वाजवलं.

शेजारी ऑपरेटरबाई राहत. आयुष्यभर टेलिफोनच्या कचेरीत बसून त्यांनी परगावचे फोन जोडून दिले होते. इंग्रजी त्यांना सहज येई, पण ते सगळं कानातून आलेलं. निवृत्त झाल्या तरी घरात कुणी मोठ्याने बोललं की म्हणायच्या, "ओरडू नका, लाईन साफ आहे."

"जावई उन्हाळ्यात येणार आहेत," दारवाले म्हणाले. "मला इंग्रजी शिकवा."

"इंग्रजी म्हणजे समुद्र आहे हो. त्यातलं किती हवंय?"

"एक दार."

"म्हणजे?"

"डोअर. तेवढाच शब्द. पण त्याच्याबरोबर जे जे येतं ते सगळं."

बाईंनी चष्मा काढला. "जावयाशी काय जन्मभर दारांविषयी बोलणार आहात?"

"माणसाला एक विषय पुरतो, बाई. तुम्ही इतकी वर्षं सुनेवरच चालवताय की नाही?"

बाई हसल्या आणि शिकवणी ठरली. आता बाईंना समोरासमोर बसून बोलायची सवयच नव्हती. समोर तोंड दिसलं की त्यांचं लक्ष तोंडाकडे जाई, शब्दांकडे नाही. म्हणून त्यांनी दारवाल्यांना जिन्याच्या बाजूला उभं केलं, आपण आत खुर्ची टाकून बसल्या आणि मधे दार लावून घेतलं. दारवाल्यांनाही ते मानवलं. हाताखाली लाकूड असलं की त्यांचं डोकं चालतं. बाई आतून एक वाक्य म्हणत, ते बाहेरून दारावर तळहात ठेवून तेच म्हणत, आणि जमेल तर ती कृतीही करत.

पहिल्याच दिवशी गाडी अडकली. बाईंनी विचारलं, "दार लाव, हे कसं म्हणाल?" दारवाल्यांनी भाचीकडून 'लावणे' या शब्दाचं इंग्रजी आधीच विचारून ठेवलं होतं. ते छाती काढून म्हणाले, "अप्लाय द डोअर!"

आतून बराच वेळ नुसता खोकला ऐकू आला.

"दारवाले, अप्लाय मलम करतात. दार शट करतात."

"पण आपण दोन्ही लावतोच की. मलम लावतो, दार लावतो, दिवा लावतो, झाड लावतो, जीव लावतो."

"त्यांच्याकडे तसं नाही. दार शट, झाड प्लांट, दिवा लाइट. जिथला शब्द तिथेच बसतो."

दारवाले जिन्यात उभे राहून विचार करत राहिले. मग त्यांचा चेहरा उजळला. "म्हणजे आमच्यासारखंच! स्क्रूला हातोडा नाही मारायचा आणि खिळा पेचकसाने नाही पिळायचा. प्रत्येकाचं हत्यार वेगळं."

त्या दिवसापासून त्यांना गोडी लागली. शब्द सुटा शिकायचाच नाही, त्याच्या जोडीदारासकट उचलायचा. नॉक ऑन द डोअर, म्हणजे ठोठावणं. स्लॅम द डोअर, म्हणजे आपटणं. हे त्यांनी शिकून घेतलं, पण करून दाखवायला साफ नकार दिला. होल्ड द डोअर, म्हणजे मागून येणाऱ्यासाठी धरून ठेवणं. द डोअर इज अजार, म्हणजे किलकिलं. हे तर त्यांना फारच आवडलं, कारण आपलं 'किलकिलं'ही दार आणि डोळे सोडून फारसं कुठे फिरकत नाही.

"आन्सर द डोअर," बाई म्हणाल्या.

"दाराला उत्तर? दाराने कधी प्रश्न विचारला?"

"वाजलं की उत्तर द्यायचं. टेलिफोनलाही ते आन्सरच करतात. मी आयुष्यभर तेच केलं."

"आणि जावयांना मी केलेलं दार दाखवायचं असलं, तर शो हिम द डोअर?"

"अजिबात नाही!" बाई आतून ओरडल्या, स्वतःच्या लाईनचंही भान राहिलं नाही. "आपण बाहेरचा रस्ता दाखवतो ना, तसं होतं ते. आल्या पावली परत जातील जावई."

एकदा त्यांनी विचारलं, बिजागऱ्यांवर दार बसवणं याला काय म्हणतात? बाई म्हणाल्या, "हँग द डोअर."

"फाशी?"

"टांगणं हो. ते लोक दार टांगतात."

दारवाल्यांनी दारावरून हात फिरवला. मग बाहेरून त्यांचा हळू आवाज आला. "बरोबर आहे. दार टांगलेलंच असतं. बघणाऱ्याला वाटतं उभं आहे, पण सगळा भार त्या दोन-तीन बिजागऱ्यांवर. ज्याने हा शब्द ठरवला, त्याने हातात दार धरलेलं असणार." त्या दिवशी ते घरी गेले ते एखादा जुना सोबती भेटल्यासारखे.

उन्हाळा लागेपर्यंत दाराच्या त्या बाजूने दारवाले धडाधड बोलू लागले. शिकवणी संपली की बाई दार उघडत, आणि दार उघडताच दोघं आपल्या भाषेत शिरून बाजारभावांवर बोलत. यात काही चुकतंय, हे दोघांच्याही ध्यानात आलं नाही.

जावई येणार त्या दिवशी दारवाल्यांनी सगळा बेत आखला होता. पुढचं दार बंद ठेवायचं. जावई ठोठावतील. मग आपण आतून विचारायचं, 'हू इज अ‍ॅट द डोअर?' आणि दार उघडून म्हणायचं, 'प्लीज कम इन.' ते कान देऊन दाराआड उभे राहिले. जिन्यात पावलं वाजली, बॅग टेकल्याचा आवाज आला. दारवाल्यांनी घसा साफ केला.

आणि कुलपात किल्ली फिरली. मुलीकडे घराची किल्ली होती, हे ते साफ विसरले होते.

दार उघडलं ते थेट त्यांच्या नाकासमोर. मुलगी, आणि तिच्यामागे हसणारा उंच जावई. "हॅलो!" तो म्हणाला.

दारवाल्यांच्या तोंडाला कुलूप लागलं. एवढ्या महिन्यांचं इंग्रजी कुठल्या कुठे गेलं. "थँक्यू," ते म्हणाले, आणि बॅग उचलून आत निघून गेले.

जेवताना मुलगी काही न बोलता खुर्ची ओढून दोघांच्या मधे बसली. दारवाल्यांनी तिला 'नको' म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. जावयाचे निळसर डोळे, त्याची वाट बघणारी हसरी नजर समोर आली की जीभ टाळ्याला चिकटायची. मुलगी इकडून तिकडे, तिकडून इकडे पोचवत राहिली. तिने वडिलांना बोल लावला नाही, आणि तेच त्यांना जास्त लागलं. तिचं ताट पुन्हा गार झालं.

दुसऱ्या दिवशी सकाळी मुलगी चपला घालत म्हणाली, "बाबा, मी मैत्रिणीकडे जाऊन येते. लांब आहे, दुपार होईल. जाऊ ना?" ती वडिलांकडे बघत होती. मग घाईने म्हणाली, "नाहीतर त्याला बरोबर नेते. तुम्हाला उगाच..."

"जा तू," दारवाले म्हणाले. "आम्ही बघतो आमचं."

ती गेली. दोघं पुरुष हॉलमध्ये समोरासमोर बसले. जावयाने छताकडे पाहिलं. दारवाल्यांनी आपल्या चपलांकडे पाहिलं. जावई काहीतरी म्हणाला. दारवाल्यांनी मान डोलावली. ती मान चुकीच्या जागी डोलली असावी, कारण जावई गोंधळला. शेवटी तो टॉवेल घेऊन आंघोळीला गेला, तेव्हा दोघांनाही हायसं वाटलं असणार.

दारवाले हताश होऊन बसले. शब्द दिला होता पोरीला. शब्दच नाही तोंडात, आणि शब्द दिला म्हणे.

बऱ्याच वेळाने पाण्याचा आवाज थांबला. मग कडी खडखडली. थांबली. पुन्हा खडखडली. मग आतून सभ्य, जरा अवघडलेला आवाज आला. "हॅलो?"

दारवाले ताडकन उठले. कडी! पाहुण्याने कडी घातली होती. दारवाल्यांनी ती कित्येक वर्षांत घातली नव्हती. झुकलेल्या दाराने कडी आपल्या वजनाखाली दाबून धरली होती. मुलीला लहानपणापासून त्याची युक्ती माहीत: एका हाताने मूठ धरून दार वर उचलायचं, मग दुसऱ्याने कडी सरकवायची. जावयाला कोण सांगणार?

"हॅलो?" आतून पुन्हा. "द डोअर इज स्टक."

दारवाल्यांनी दारावर तळहात टेकवला. पलीकडे माणूस, मधे लाकूड.

"येस," ते म्हणाले. "द डोअर इज स्टक. डोन्ट वरी. डोन्ट पुल द डोअर."

आतली खडखड थांबली. मग, "ओके?"

"होल्ड द हँडल. नाऊ लिफ्ट द डोअर. लिटल. अप, अप." दार त्यांच्या हाताखाली जरासं वर सरकलं. "गुड! नाऊ ओपन द बोल्ट. स्लोली."

कडी सरकल्याचा आवाज आला. दारवाल्यांना तो घुंगरासारखा वाटला.

"नाऊ पुल द डोअर. डोन्ट ड्रॉप द डोअर. माय डोअर इज... ओल्ड डोअर. सॉरी. आय मेक ऑल डोअर, नॉट माय डोअर."

आतून हसू फुटलं. दार किलकिलं झालं, आणि त्या फटीतून जावयाचा ओला चेहरा दिसला. "यू स्पीक इंग्लिश!"

चेहरा दिसला, आणि दारवाले पुन्हा गप्प. पण या वेळी त्यांना स्वतःलाच काय होतंय ते कळलं. त्यांनी चटकन दार पुन्हा ओढून अर्धं लावून घेतलं आणि त्याच्याआडून म्हणाले, "बिहाइंड द डोअर, येस. फ्रंट ऑफ द डोअर, नो."

जावई क्षणभर बघत राहिला आणि मग असा हसला की त्याला टॉवेल सावरावा लागला.

कपडे घालून तो आला, तो थेट त्या दारापाशीच. त्याने बोटांच्या पेरांनी दारावर वर टकटक केलं, खाली टकटक केलं, आणि कान लावून ऐकलं, जसं त्याच्या धंद्यात करत असतील. मग वरच्या बिजागरीवर बोट ठेवलं. दारवाल्यांनी दाराच्या दुसऱ्या अंगाने मान हलवली. बरोबर, तिथेच.

"टायर्ड डोअर," जावई म्हणाला.

थकलेलं दार! हा जोडीदार बाईंनी शिकवलाच नव्हता. पण दारवाल्यांना तो पटला. "येस. टायर्ड. कम. वी टेक ऑफ द डोअर."

त्यांनी स्क्रू काढले आणि दार उतरवलं. एका बाजूला जावई, दुसऱ्या बाजूला दारवाले, मधे दार उभंच धरलेलं. पलीकडचा माणूस दिसतच नव्हता. "होल्ड द डोअर. टर्न द डोअर. माइंड द लॅम्प!" दारवाल्यांची जीभ रंध्यासारखी सरसर चालत होती. शेजारच्या भिंतीपलीकडून कुणीतरी टाळी वाजवली. ऑपरेटरबाईंना सगळं ऐकू येत होतं.

गॅलरीत दोन स्टुलांवर दार आडवं टेकवलं. दारवाल्यांनी दाराच्या कडेतली भोकं दाखवली: स्क्रू फिरून फिरून लाकूड झिजलं होतं, स्क्रूला पकडच उरली नव्हती. यावर उपाय साधा. लाकडाची बारीक काडी डिंकात बुडवून भोकात ठोकायची, वर पुन्हा स्क्रू पिळायचा. पण हे कसं सांगावं? त्यांच्या दाराच्या शब्दांमध्ये काडी नव्हती.

ते शब्द शोधत होते, तोवर जावयाने खाली पडलेली लाकडाची एक चोय उचलली, नखाने सोलून बारीक केली, डिंकात बुडवली आणि भोकात घालून हलकेच ठोकली. अगदी तशीच.

दारवाले बघतच राहिले. "यू नो?"

"पियानो," जावई म्हणाला. त्याने हवेत एक खिट्टी पिळून दाखवली, तार ताणली. "पिन... लूज." मग हात खाली आणत तोंडाने एक सूर काढला, तो घरंगळत घरंगळत पार तळाला गेला. "लूज पिन, लो नोट." आणि पुन्हा ती काडी दाखवली.

दारवाल्यांनी मांडीवर थाप मारली. खिट्टी सैल, सूर खाली. स्क्रू सैल, दार खाली. एकच काम की हे! "सेम!" ते ओरडले. "युवर पियानो, माय डोअर. सेम वुड! युवर वुड ऑल्सो टायर्ड?"

"व्हेरी टायर्ड!"

पुढे त्यांचं काय काय बोलणं झालं, ते दोघांनाच ठाऊक. रंधा कसा धरायचा ते झालं. कुठलं लाकूड दमट हवेत रुसतं ते झालं. व्याकरणाची हाडं मोडत होती, पण कुणी विव्हळत नव्हतं. दार मधे आडवं पडलं होतं आणि दोघं समोरासमोर उभे होते, एकमेकांच्या तोंडाकडे बघत. दारवाल्यांच्या हे ध्यानातही आलं नाही.

दुपारी मुलगी परतली. जिन्यातूनच तिला आवाज आले आणि तिची पावलं थबकली. मग तिने किल्लीने दार उघडलं. बाथरूमला दार नाही, हॉलभर लाकडाच्या सालींच्या गुंडाळ्या, आणि गॅलरीत दोन माणसं एका दारावर वाकलेली.

"अहो बाबा! हे काय? काय झालं?" मग नवऱ्याकडे बघून तिने इंग्रजीत विचारलं. तो हात हलवत उत्साहाने काहीतरी सांगू लागला. दारवाले मधेच तोंड घालून म्हणाले, "नो नो, फर्स्ट द बोल्ट!" आणि दोघं पुन्हा हसले.

ती सवयीने पुढे आली, दोघांच्या मधे उभी राहिली. "तो काय म्हणाला, बाबा? म्हणजे... तुम्हाला कळलं का तो काय म्हणाला?"

"थांब गं जरा," दारवाले म्हणाले. "बोलतोय ना आम्ही. तू बाजूला हो, पायात चोयी जातील."

ती बाजूला झाली. जराशी रुसलीच. मग स्वयंपाकघरात गेली, सकाळचं सगळं गरम केलं आणि एकटीच ताट वाढून घेऊन बसली. गॅलरीतून आवाज येत होते. ताटातून वाफ निघत होती. तिने घास घेतला. तोंड भाजलं इतका गरम. ती सावकाश जेवली.

पाणी प्यायली आणि तिथूनच ओरडली, "बाथरूमला दार कधी लागणार आहे?"

"वी आर हँगिंग द डोअर!" बाहेरून दोघं एकदम म्हणाले.